मुक्कामाची गाडी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या अनुभवी गृहस्थाने केली, त्याने जुनी मोटारगाडी विकत घेऊन तिच्यात घर थाटण्याचा उद्योग केलेला दिसत नाही. केला असता, तर म्हणीत तिसरे कलम खात्रीने आले असते. गेले सात महिने मी या उद्योगात आहे. या काळात कादंबरीचे एक प्रकरणही पुढे सरकलेले नाही. मात्र चासीला कुठे गंज चढतो, टाकीतले पाणी वळणावर कोणत्या बाजूला धावते आणि पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीची व्हायला किती कागद लागतात, हे मी झोपेतही सांगू शकतो. शाळेत मुले मला विचारतात, “सर, तुमची गाडी झाली का?” पूर्वी ती विचारीत, “सर, तुमची गोष्ट झाली का?” फरक एवढाच, की गाडीच्या बाबतीत त्यांना खरोखरच उत्सुकता असते.

हा छंद मला कसा लागला, ते आधी सांगितले पाहिजे. कारण मी काही हौशी प्रवासी नव्हे. सुटीत आपले गाव सोडून जाणाऱ्या माणसांविषयी मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे. गाडी हवी होती ती अण्णांसाठी.

अण्णा म्हणजे माझे वडील. एस.टी.त त्यांनी बत्तीस वर्षे ड्रायव्हर म्हणून काढली. त्यातली निम्मी वर्षे मुक्कामाच्या गाडीवर. शहरातल्या वाचकांना हा शब्द कदाचित समजावून सांगावा लागेल. संध्याकाळी डेपोतून सुटायचे, काळोख पडल्यावर रस्त्याच्या शेवटच्या गावी पोचायचे, तिथेच रात्र काढायची आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत फिरायचे. ड्रायव्हर आणि कंडक्टर गाडीतच झोपत. उन्हाळ्यात टपावर, थंडीपावसात दोन बाकांच्या मधल्या जागेत. गावातल्या कुणाच्या तरी घरून भाकरी-कोरड्यास येई. पहाटे साडेपाचला इंजिन सुरू झाले, की तोच गावाचा गजर.

गेल्या पावसाळ्यात एकदा वीज गेली होती. अंधारात आम्ही तिघे ओसरीवर बसलो होतो, आणि अण्णा त्या गावांची नावे घेऊ लागले. घाटमाथ्यावरची, धरणाकाठची, खोऱ्यातली. शेवटी सहज बोलावे तसे म्हणाले, “एवढी गावं केली, पण एकही उजेडात बघितलं नाही. दिवा पडेल तेवढंच गाव. जाताना अंधार, येताना अंधार.”

मी म्हणालो, “जाऊ या की मग, अण्णा. गाडी करू.”

“आणि राहायचं कुठं?” एवढे बोलून ते गप्प झाले.

त्या गप्प होण्याचा अर्थ आम्हां दोघांनाही ठाऊक होता. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. या वयाच्या पुरुषांना जी तक्रार सतावते ती त्यांनाही आहे. रात्री चार-पाच वेळा उठावे लागते, आणि कधी कधी उठायला वेळ मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतबहिणीच्या घरी लग्नाला गेलो असताना पाहुण्यांच्या भरल्या खोलीत त्यांच्यावर तो प्रसंग ओढवला. कोणी काही बोलले नाही. बहिणीने तर चादर कधी उचलली तेही कळू दिले नाही. परंतु त्या दिवसापासून अण्णा परक्या अंथरुणावर झोपलेले नाहीत. लॉज नको, धर्मशाळा नको, पोटच्या लेकीचे घरसुद्धा नको. बत्तीस वर्षे रोज वेगळ्या गावी झोपलेला माणूस आमच्या मागल्या खोलीतल्या एका खाटेला बांधला गेला होता.

म्हणजे प्रश्न असा, की खाट जागची हलत नाही आणि अण्णा खाट सोडत नाहीत. याचे उत्तर शाळामास्तराच्या डोक्यातून जे निघायचे तेच निघाले: खाटेलाच चाके लावावीत.

ही काही माझी कल्पना नव्हे. जर्मनीत वेस्टफालिया नावाच्या कारखान्याने १९५१ पासून फोक्सवॅगनच्या छोट्या व्हॅनमध्ये पलंग, कपाटे बसवून द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत फोर्डची इकोनोलाइन आणि तिच्यासारख्या थोराड व्हॅन घेऊन लोकांनी स्वतःच्या हातांनी घरे केली, आणि अजूनही करीत आहेत. ‘व्हॅन’ हा इंग्रजी शब्दच मुळी ‘कॅराव्हॅन’चे शेपूट आहे, आणि कॅराव्हॅन म्हणजे फार्सीतला कारवान. उंट गेले, तांडा गेला, शब्दाचे तोंडही गेले. शेपूट तेवढे चार चाकांवर फिरते आहे. आपल्याकडे या गोष्टीला ‘विंचवाचं बिऱ्हाड’ म्हणतात, पण त्यात कौतुकापेक्षा कीवच अधिक.

आमच्या सौभाग्यवतींना ती कीवही आली नाही. सुमतीने पहिला प्रश्न पैशांचा काढला, आणि तो बरोबर होता. माझ्या चार कादंबऱ्यांचे आजवरचे सगळे मानधन एकत्र केले, तर गाडीचे मागचे दोन टायर येतील. बाकीचे पैसे यायचे होते ते वरच्या खोलीच्या ठेवीतून. घरावर एक खोली चढवावी, तिला पूर्वेला खिडकी असावी आणि तिच्यात बसून मी लिहावे, यासाठी आम्ही अकरा वर्षे पैसे साठवीत होतो. साडेसहा लाख झाले होते.

“वरची खोली जागची हलणार नाही,” सुमती म्हणाली. “पावसात गंजणार नाही. तिला टायर लागत नाहीत, विमा लागत नाही. आणि अण्णांनी वर्षातून दोनदा बाहेर पडायचं म्हटलं, तरी भाड्याची गाडी स्वस्त पडेल.”

हिशेबाने तिचे म्हणणे बिनतोड होते. मी काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, “मोठी बघा. अण्णांना वाकायला लागता कामा नये.” रात्री काय घडले, ते मला ठाऊक नाही. अण्णांची चादर सकाळी दोरीवर वाळत होती, एवढे मात्र मी पाहिले.

आता गाडी कोणती घ्यायची?

आपल्याकडे माणसाला आत ताठ उभे राहता येईल अशी, आणि मास्तराच्या आवाक्यातली व्हॅन म्हटली, की जुन्या बाजारात दोनच नावे पुन्हा पुन्हा समोर येतात. एक ट्रॅव्हलर आणि दुसरी टाटांची विंगर. ट्रॅव्हलरशी आपले नाते जुने आहे. १९५८ साली बजाज टेंपो ही कंपनी निघाली आणि हॅम्बुर्गच्या एका जर्मन कारखान्याच्या ‘टेंपो’ या नावाची तीनचाकी गाडी आपल्याकडे बनू लागली. त्या गाडीचे नाव आपण इतके आपलेसे केले, की आज कोणतीही छोटी मालगाडी म्हणजे टेंपो, आणि बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गुरांच्या बाजारात ‘टेंपो मिळेल का’ असे विचारणाऱ्याला आपण जर्मन बोलतो आहोत याची गंधवार्ताही नसते. त्याच कंपनीची पुढची मॅटॅडोर. माझ्या पिढीतली वऱ्हाडे, क्रिकेटचे संघ, ऑर्केस्ट्रे आणि दुधाचे कॅन हे सगळे मॅटॅडोरमधूनच हिंडले. १९८७ साली मर्सिडीज-बेंझच्या एका व्हॅनच्या धर्तीवर टेंपो ट्रॅव्हलर आली. २००५ पासून कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, तरी लोकांच्या तोंडून टेंपो गेला नाही. विंगर पुष्कळ अलीकडची, २००७ सालची. तिचे मूळ फ्रान्सच्या रेनो कंपनीच्या व्हॅनमध्ये.

या दोघींत मूलभूत भेद आहे, आणि तो मला अण्णांनी अंगणात खडूने चित्र काढून समजावला. विंगरचे इंजिन पुढची चाके ओढते. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लोखंडी दांडा तळाखालून न्यावा लागत नाही, आणि गाडीचा तळ खाली ठेवता येतो. चढायला पायरी कमी, आतून उंची अधिक. म्हाताऱ्या माणसाला हे फार सोयीचे. ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर चालते. तळ उंच, पायरी उंच. परंतु पलंग, पाणी, कपाट असा सगळा भार मागे लादून ओल्या चढावर गाडी घातली, की तो भार नेमका ओढणाऱ्या चाकांवर पडतो आणि चाके रस्ता धरतात.

“पुढं ओढणारी असेल, तर मागं वजन पडल्यावर चढाला तिचं तोंड हलकं होतं,” अण्णा म्हणाले. “वाईट नाही ती. पण आपल्याला जायचं तिथं डांबर संपतं.”

“पण अण्णा, पायरी?”

“पायरीखाली पाट ठेवायचा. एवढं काय त्यात!”

मग लांबीचा प्रश्न आला. ट्रॅव्हलर चार लांब्यांत मिळे. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर सर्वांत छोट्या गाडीत ३०५० मिलीमीटर आणि सर्वांत मोठीत ४०२०. मला अर्थातच मोठी हवी होती. मी चौकटीच्या वहीत नकाशा काढला होता: मागे पलंग, डावीकडे ओटा, उजवीकडे बाक, पलंगाच्या पायथ्याशी पडद्याआड अण्णांसाठी वीस लिटरच्या टाकीचे सुटे कमोड, आणि खिडकीशी एक घडीचे मेज. ते मेज कशासाठी, हे मी कोणाला सांगितले नव्हते. अण्णांनी नकाशा पाहिला आणि विचारले, “चालवणार कोण?”

अण्णांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे आणि परवान्याची मुदत कधीच संपली आहे. चालवणार मी, आणि मी आजवर चालवलेली सर्वांत मोठी गाडी म्हणजे मेहुण्याची मारुती. अण्णा मला पसरणीच्या घाटात घेऊन गेले. स्कूटरवर, मागे बसून. प्रत्येक वळणावर त्यांनी मला थांबवले आणि लांब गाडीचे मागचे चाक कोठून जाते, ते काठीने दाखवले. चाकांमधले अंतर जितके अधिक, तितके मागचे चाक वळणाच्या आत अधिक शिरते. आणि चाकांच्या मागे जो धडाचा भाग लोंबतो, तो वळताना बाहेर फेकला जाऊन कठड्याला घासतो. “मोठी घेतलीस तर आंबेनळीच्या घाटात प्रत्येक वळणाला देवाचं नाव घेशील. आमची गाडी याच्याहून लांब होती, पण आमचं शिक्षण त्यात झालं होतं,” ते म्हणाले. त्या दिवशी माझ्या नकाशातून घडीचे मेज गेले. मधली लांबी ठरली, ३३५० ची.

हे सर्व ठरवून आम्ही जुन्या गाड्या पाहायला बाहेर पडलो, आणि अण्णांचे निराळेच रूप मला दिसू लागले.

घरात तांब्या विसरणारा हा माणूस गाडीपाशी गेला की तरुण होई. विकणारा बॉनेट उघडून इंजिनाची स्तुती करू लागला, की अण्णा त्याच्याकडे पाठ करून मागच्या चाकापाशी उकिडवे बसत. “इंजिन बदलता येतं, सांगाडा बदलता येत नाही. आधी खाली बघायचं, मग वर.” ते बोटाच्या पेराने पत्रा वाजवीत. कोरा पत्रा खणखणतो. अपघातानंतर पुटीन भरून रंग मारलेला पत्रा भाकरीच्या पिठावर थापटी मारावी तसा मुका वाजतो. मीटरवर सत्तर हजार किलोमीटरचा आकडा आणि क्लचच्या पेडलचे रबर आरशासारखे गुळगुळीत, असे दिसले की ते काही न बोलता मला डोळ्यांनी ते रबर दाखवीत आणि विकणाऱ्याला म्हणत, “छान ठेवलीय गाडी.” मग आम्ही घरी येत असू.

एक गाडी मला फार आवडली होती. पांढरीशुभ्र, आतून नवी कोरी, किंमत वाजवीपेक्षा कमी. अण्णांनी आत चढून एका खुर्चीचा पट्टा ओढायला सुरुवात केली, आणि ते तो ओढतच राहिले. शेवटच्या वीतभरावर वाळलेल्या गाळाची तपकिरी रेघ होती. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला जे पूर आले, त्यांत बुडालेल्या किती गाड्या पुसूनपासून पुन्हा रस्त्यावर आल्या असतील, देव जाणे. खुर्च्या धुता येतात, गालिचे बदलता येतात, पण पट्टा आपल्या गुंडाळीत शिरताना पाण्याची खूण बरोबर घेऊन जातो. त्या गृहस्थांचे नाव मी सांगत नाही. त्यांनी आम्हांला उसाचा रस पाजला होता.

सामान वाहणारी बंद पत्र्याची व्हॅनही पाहिली. जाणते लोक म्हणतात, घरासाठी तीच उत्तम. खुर्च्या काढाव्या लागत नाहीत, काचा नसल्यामुळे उन्हाचा ताप कमी, भिंतींना हवे तसे कपाट ठोकता येते. किंमतही उतरती. मी तयार झालो होतो.

“खिडकी कुठाय?” अण्णांनी विचारले.

“पत्रा कापून बसवता येते, अण्णा.”

“बिनखिडकीची म्हणजे मालगाडी. मी काय माल आहे?”

ज्या माणसाला गावे पाहायची आहेत, त्याला आपण बिनखिडकीच्या डब्यात घालून नेत होतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

मग ती रुग्णवाहिका आली.

खरे सांगायचे तर तिच्याइतकी योग्य गाडी आम्हांला दुसरी मिळाली नाही. एका लहान इस्पितळाने ती विकायला काढली होती. उंच छपराची, हव्या त्या लांबीची ट्रॅव्हलर. धावलेली थोडी आणि वेळच्या वेळी तेल बदललेली. आत पंखे, दिवे, जादा बॅटरी, धुता येणारा तळ, एका बाजूला लांब बाक, मागे रुंद दरवाजा आणि चढायला घडीची पायरी. आम्हांला जे जे करायचे होते, त्यातले निम्मे तिच्यात आधीच झालेले होते. शिवाय किंमत आमच्या अंदाजाहून लाखाने कमी. सुमती त्या दिवशी बरोबर होती. तीही खूष झाली. अण्णांनी खाली वाकून पाहिले, पत्रा वाजवला, पट्टा ओढला, इंजिन सुरू करून धुराचा रंग पाहिला. “गाडी चांगली आहे,” ते म्हणाले. विकणाऱ्याच्या तोंडावर खरी स्तुती त्यांनी प्रथमच केली होती.

मग ते मागच्या पायरीवर बसले आणि आत पाहू लागले. बराच वेळ पाहत होते. मी आणि इस्पितळाचा माणूस पैशांचे बोलत होतो. मी किमतीवर आणखी दहा हजार उतरवून घेतले आणि मोठ्या विजयाने वळलो, तो सुमती माझी बाही ओढून म्हणाली, “अहो, नको ही.”

“का? आत्ता तर—”

तिने नुसतेच अण्णांकडे पाहिले.

आईला तीन वर्षांपूर्वी साताऱ्याहून पुण्याला नेले होते, ते अशाच गाडीतून. बाकावर अण्णा बसले होते. खंबाटकीचा घाट उतरल्यावर त्यांनी ड्रायव्हरच्या पाठीमागची काच वाजवली आणि सांगितले, “सावकाश घ्या आता. घाई नाही.” पुढच्या बाजूला मी बसलो होतो. त्या शब्दांचा अर्थ मला लगेच कळला नाही, ड्रायव्हरला कळला.

हे सगळे ठाऊक असून मी दहा हजारांसाठी घासाघीस करीत होतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला माणसाचे मन कळते, असा एक समज आहे. माझ्यापुरता तरी तो खोटा आहे, हे येथे नमूद करून ठेवतो.

अण्णा उठले आणि धोतर झटकीत म्हणाले, “झोप यायची नाही रे हिच्यात.” परतीच्या वाटेवर ते विषयच नसल्यासारखे ऊसतोडीविषयी बोलत राहिले.

शेवटी जी गाडी घेतली, ती एका शाळेची. आमच्या नव्हे, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या. नऊ वर्षे तिने मुले ने-आण केली. शाळेच्या गाड्यांविषयी अण्णांचे मत असे, की त्या धावतात कमी, पळतात हळू आणि रात्री छपराखाली असतात. परंतु दर शंभर पावलांवर थांबल्यामुळे त्यांचा क्लच झिजतो, आणि दरवाजाची पायरी हमखास गंजते, कारण चाळीस चिखलाचे पाय रोज तिच्यावरून जातात. तसेच निघाले. क्लच बदलावा लागला आणि पायरीचा पत्रा कापून नवा जोडावा लागला. तळ, सांगाडा आणि छप्पर मात्र निरोगी. खिडक्या भरपूर. जरा जास्तच.

बाकीच्या कटकटी मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांत रस घेणारा वाचक विरळा. गाडीची नोंदणी ज्या वर्णनाने झाली असेल, त्यापलीकडचे बदल मनाला येतील तसे करता येत नाहीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम त्यासाठी आहे. आधी अर्ज, मग परवानगी, मग बदल, मग तपासणी. खुर्च्या काढून पलंग घातला म्हणजे नुसते सामान हलवले असे नव्हे. सरकारच्या दृष्टीने गाडीची जातच बदलते. अशा फिरत्या घरांसाठी निराळे मानक आहे, आणि २०२१ साली आपल्या राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही काढले. पण धोरणाची हवा खिडकीमागच्या कारकुनापर्यंत पोचायला अवधी लागतो. “यात नेमकं काय वाहून न्यायचंय?” त्याने मला विचारले. मी म्हणालो, “वडील.” त्याने पेन खाली ठेवले आणि पुढच्या रकान्यात काय लिहावे, हे मला नीट सांगितले. त्यानंतरच्या दोन खेपांत मात्र तो रजेवर होता.

आत काय बांधायचे, यावर आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे सुमतीच्या बहिणीच्या लग्नातही झाले नव्हते. पाण्याचे गणित मी मुलांना घालतो तसे मांडले: माणशी दिवसाला पंधरा लिटर, तीन माणसे, दोन दिवस, म्हणजे नव्वद लिटर, म्हणजेच नव्वद किलो. एका हौदाला दोन नळ असले तर तो किती वेळात रिकामा होईल, हे मी वीस वर्षे शिकवीत आलो. तो हौद घाटात वळला तर काय होईल, हे कोणत्याच पुस्तकात नाही. अण्णांनी एक मोठी टाकी नाकारली. दोन छोट्या, दोन्ही अंगांना, तळाशी, मागच्या चाकाच्या आसपास. म्हणजे पाणी हेलकावले तरी गाडीला झोकांडी बसणार नाही. विजेच्या शेगडीचा माझा हट्ट बॅटरीने मोडला. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण १२०० वॅट-तास. दोन हजार वॅटची शेगडी ती पाऊण तासाच्या आत गिळून टाकील, आणि मग रात्री पंखा कशावर? तेव्हा गॅसच आला. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठतो, म्हणून तळालाच हवेसाठी भोके पाडून घ्यायची, हे सुतारापेक्षा सुमतीला आधी सुचले. जाड लाकडाचे कपाट तिने स्वतःच रद्द केले. “घरातलं कपाट काय वाट्टेल तेवढं जड असू दे, त्याला कुणी चढावर नेत नाही,” ती म्हणाली. आपण नवऱ्याच्या वेडाला विरोध केला होता, हे ती त्या सुमारास विसरली असावी.

खिडक्यांखालच्या पत्र्यावर मुलांनी कंपासच्या टोकाने नावे कोरून ठेवली आहेत. एका जागी ‘गणिताच्या बाई वाईट’ असे आहे, आणि त्याखाली निराळ्या अक्षरात ‘नाहीत’. सुतार त्यावर प्लायवूड ठोकणार होता. एवढी एक फळी मी बिजागरीवर बसवून घेतली आहे, म्हणजे ती उचलता येईल.

पलंगाची लांबी मापायची होती, तेव्हा गाडीत नुसता उघडा तळ होता. मी अण्णांना म्हटले, “जरा आडवे होता का? खडूने खूण करतो.” ते सतरंजीवर आडवे झाले, दोन्ही हात छातीवर ठेवून. डोक्याशी खूण केली, पायांशी केली. टेपवर आकडा पाहून मी मान वर केली, तो ते झोपले होते. दुपारचे तीन वाजले होते, पत्रा तापलेला होता, पंखा नव्हता. मी खाली उतरलो आणि दरवाजा ढकलायचा तेवढा उघडा ठेवला.

काम अजून पुरे झालेले नाही. कपाटांना दारे नाहीत, तपासणीची तारीख आलेली नाही, तेव्हा कायद्याने आम्हांला फाटकाबाहेर पडता येत नाही. भाऊबीज झाली की पहिली खेप करायची असे चालले आहे; गावाचे नाव अण्णांनी ठरवले आहे आणि ते मला सांगत नाहीत. दरम्यान पलंग बसला त्या रात्रीपासून ते गाडीतच झोपतात. कमोड हाताशी आहे, चादर रबराच्या कापडावर आहे, आणि सकाळी ती कोणी धुतली याची चर्चा आता आमच्याकडे होत नाही. वरच्या खोलीसाठी उभ्या केलेल्या गजांवर सुमतीने भोपळ्याचा वेल चढवला आहे.

एकच तक्रार आहे, ती शेजाऱ्यांची. पहाटे बरोबर साडेपाचला अण्णा पुढच्या खुर्चीवर येऊन बसतात, किल्ली फिरवतात, पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतात आणि बंद करतात. शेजारचे काका परवा फाटकाशी येऊन म्हणाले, “मास्तर, अहो, झोपमोड होते.” मी अण्णांना तसे सांगितले.

“सांग त्यांना, उठा म्हणावं,” अण्णा म्हणाले. “यानंतरची गाडी थेट दुपारी आहे.”